सहलीची गावे

मुलांनो, सहल म्हटली की दूरची मोठी शहरेच आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु एका दिवसाच्या प्रवासाला जवळची लहान गावेच अधिक सोयीची. ती निवडावी कशी?

श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीचे एक कुटुंब मोटारीने निघणार आहे व बरोबर वृद्ध आजीही आहेत, असे समजा. प्रथम, कोठे काय पाहावयाचे ते ठरवावे. भीमेच्या काठी पेडगावचा भुईकोट किल्ला आहे. त्यालाच बहादूरगड म्हणत. १६८९ साली संगमेश्वरी कैद झालेल्या छत्रपती संभाजीमहाराजांना येथेच आणले होते. किल्ल्यातील लक्ष्मीनारायणाच्या मंदिराचे कोरीव काम पाहण्यास सवड हवी. याच नदीच्या काठी अष्टविनायकांपैकी सिद्धटेक आहे. तेथील देवालयाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. त्यांचे जन्मगाव चोंडी मात्र जामखेड तालुक्यात, बरेच दूर आहे. तेही त्याच दिवशी गाठू म्हटले, तर सारा वेळ रस्त्यातच जाईल. म्हणून ते पुढील सहलीसाठी राखून ठेवावे.

मग वेळेचा विचार करावा. किल्ल्यात पायी हिंडावे लागते. तेथे ऊन चढण्यापूर्वीच जावे. दुपारी सिद्धटेकला आजींनाही विसावा मिळेल.

आणि खुद्द काष्टी? येथील शनिवारचा जनावरांचा बाजार प्रसिद्ध आहे. परगावच्या मुलांना तीच मोठी नवलाची सहल वाटेल. आपण तो बाजार नीट पाहिला आहे काय?