शिडाच्या होडीतून सिंधुदुर्ग : भूगोलाचा एक पाठ



नाचणगावच्या आपल्या मुलांनी पाण्याचा मोठा पसारा पाहिला तो वर्धा नदीच्या पुराचा. समुद्र म्हणजे पुस्तकातलं चित्र. त्यामुळे ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’ मुलं पाठ करतात आणि पेपरात नेमके उलट लिहितात. यावर एक उपाय सांगतो : मुलांना मनानेच मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर न्या, तेही शिडाच्या होडीतून. आज तिथे इंजिनाच्या होड्या आहेत, पण आपल्या पाठात शीडच हवं.

आधी एक प्रयोग करा. दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत कोरडी माती, दुसरीत पाणी. तासभर उन्हात ठेवा आणि बोट लावून बघा. माती जास्त तापलेली असते. दिवसा जमीन अशीच लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे वारा येतो. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हे मतलई वारे.

आता मुलांना विचारा, किल्ला किनाऱ्यापासून पश्चिमेला समुद्रात आहे, तर निघायचं कधी? पहाटे, मतलई वाऱ्यावर. परतायचं दुपारी, खाऱ्या वाऱ्यावर. भर दुपारी निघालो तर वारा समोरून येईल आणि होडी नागमोडी न्यावी लागेल. एवढं कळलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

मग इतिहासाकडे वळा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. भोवतीचे पाण्याखालचे खडक म्हणजे आयताच पहारा. वाट माहीत नसलेलं गलबत त्यावर आपटणारच. चारी बाजूंनी खारं पाणी, तरी आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. दरवाजा असा वळणात आहे की दुरून दिसतच नाही.

याच खडकांवर प्रवाळ वाढतं. १९८७ मध्ये इथला २९.१२ चौरस किलोमीटर भाग मालवण सागरी अभयारण्य झाला. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो बारीक जिवांचा समूह आहे. त्याची वाढ फार सावकाश होते. पाय पडला किंवा नांगर घासला, तर कित्येक वर्षांची वाढ क्षणात मोडते. ते तोडणं, विकणं, विकत घेणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

म्हणून पालकहो, कधी खरोखर मालवणला गेलात तर पावसाळा टाळा, कारण तेव्हा होड्या बंद असतात. होडीत बसण्याआधी मुलांना लाइफ जॅकेट घाला. आणि आठवण म्हणून पोरानं प्रवाळाचा तुकडा मागितला, तर नाही म्हणा, पण का नाही तेही समजावून सांगा. तटबंदीचा ढासळलेला दगड पुन्हा बसवता येतो, मेलेलं प्रवाळ जिवंत करता येत नाही.