स्वच्छ जाळी, हलके वीजबिल

तळोजा : उन्हाळ्यात वीजबिल वाढले की त्याचे खापर बहुधा वीजदरांवर फोडले जाते. एसी जुना झाला, त्यातील गॅस कमी झाला, अशीही कारणे पुढे केली जातात. यंत्राच्या आत बसविलेल्या हवेच्या जाळीकडे, म्हणजेच फिल्टरकडे, मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तळोजासारख्या धुळीच्या परिसरात हे दुर्लक्ष महाग पडू शकते.

एमआयडीसीतील रासायनिक व मत्स्यप्रक्रिया कारखाने, मुंब्रा-पनवेल महामार्गावरील अवजड वाहतूक आणि आसपासची बांधकामे यांच्या मधोमध येथील वसाहती उभ्या आहेत. रात्री उग्र दर्प सुटला की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. अशा घरांत एसी ही चैन राहत नाही.

जाळी तुंबते तेव्हा...

एसी खोलीतील हवा आत ओढतो, थंड कॉइलवरून फिरवतो आणि पुन्हा खोलीत सोडतो. कॉइलवर धूळ बसू नये, यासाठी वाटेत जाळी असते. ती तुंबली की पुरेशी हवा कॉइलपर्यंत पोहोचत नाही. खोली थंड होण्यास वेळ लागतो आणि कॉम्प्रेसर अधिक काळ चालतो. हवा फारच कमी झाल्यास कॉइलवर बर्फ साचतो. तो वितळून यंत्रातून पाणी गळू लागते.

खोली गार होत नाही म्हणून तापमान १८ अंशांवर आणले जाते आणि खर्चात भर पडते. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे म्हणणे आहे. मळलेली जाळी बदलून स्वच्छ जाळी बसविल्यास एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी घटू शकतो, असे अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो. थंड प्रदेशांत घर उबदार ठेवणाऱ्या भट्टीच्या फिल्टरलाही हेच तत्त्व लागू पडते.

शेवटचे युनिट महागाचे

महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातात. त्यामुळे वाया जाणारे युनिट सर्वांत महाग टप्प्यात मोजले जातात. उदाहरणार्थ, मळलेल्या जाळीच्या एसीला महिन्याला २४० युनिट आणि इतर उपकरणांना २८० युनिट लागत असल्यास एकूण वापर ५२० होतो. जाळी स्वच्छ केल्याने १२ ते ३६ युनिट वाचू शकतात. बचत २० युनिटांची झाली, तरी सर्वांत वरच्या दराचा टप्पा टळतो. शिवाय वहन आकार आणि वीज शुल्कही तेवढ्या प्रमाणात कमी होते.

पंधरा मिनिटांचे काम

हे काम घरच्या घरी करता येते. प्रथम मुख्य बटण बंद करावे. पुढचे झाकण उघडून जाळी अलगद काढावी, नळाच्या साध्या पाण्याने धुवावी आणि सावलीत पूर्ण वाळवून परत बसवावी. गरम पाणी व कडक ब्रश वापरू नये. वास शोषणारे कार्बनचे फिल्टर सहसा धुता येत नाहीत. त्याबाबत यंत्रासोबतची पुस्तिका पाहावी. एसी रोज वापरात असल्यास दर पंधरा दिवसांनी जाळी धुणे योग्य ठरते. धुळीच्या दिवसांत ती उजेडासमोर धरून पाहावी. आरपार दिसत नसेल, तर पंधरवड्याची वाट पाहू नये. कॉइलची व बाहेरील यंत्राची सफाई मात्र तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

ही साधी जाळी धूळ अडवते, रासायनिक वायू नव्हे. त्यामुळे ती धुतल्याने हवेतील दर्प जाणार नाही आणि प्रदूषणाचा प्रश्नही सुटणार नाही. बंद खिडक्यांच्या आड राहण्यासाठी मोजावी लागणारी किंमत थोडी कमी करणे, एवढेच रहिवाशांच्या हाती आहे.