हनुवटीला मार लागला, तर तोंड उघडतं का ते पाहा



कोणाचाच चेहरा दोन्हीकडून अगदी सारखा नसतो. थोडा फरक असला तर चिंता नको. पण लेकराची हनुवटी वर्षागणिक एका बाजूला सरकत असेल, तर ‘नशीब’ म्हणून सोडू नका. आम्ही आधी विचारतो, लहानपणी हे हनुवटीवर पडलं होतं का?

झाडावरून, ओट्यावरून लेकरू पडतं. हनुवटीला टाके घालतात, जखम भरते. पण मार कानापुढच्या जबड्याच्या सांध्यापर्यंत गेलेला असू शकतो. तिथलं हाड मोडलं, तर कधी सांधा हाडानंच जखडतो. फुटणाऱ्या कानाचा संसर्ग सांध्यात उतरला तरी असं होतं. मग तोंड उघडेनासं होतं, त्या बाजूचा जबडा वाढत नाही आणि हनुवटी तिकडेच वळते. दुखावलेली बाजू मात्र भरलेली दिसते, चांगली बाजू चपटी. त्यामुळे घरचे चांगल्याच गालाला दोष देतात.

घरी एक तपासणी करा. लेकराला स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, दातांमध्ये घालायला सांगा. जात नसतील, तोंड उघडताना हनुवटी एकीकडे जात असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये सांधा कळतो.

सांधा जखडला असेल, तर भूल देऊन जखडलेलं हाड काढतात. पुन्हा जुळू नये म्हणून मधे बहुधा स्नायूचा थर ठेवतात. खरी मेहनत त्यानंतर आपली. तोंड उघडायचा व्यायाम रोज, कित्येक महिने करावा लागतो. लेकरू रडतं म्हणून थांबलो, तर सांधा परत जखडू शकतो. हनुवटी सरळ करायला पुढे वेगळं ऑपरेशन लागू शकतं. ते कधी करायचं, हे वय आणि जबड्याची वाढ पाहून डॉक्टर ठरवतात.

‘पोरीच्या लग्नाच्या वेळी पाहू’ म्हणू नका. तोवर भाकर चावता येत नाही, दात किडतात, झोपेत श्वास अडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतं. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिथं दाखवा. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय इथंही विचारा. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत न्या आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा.

आणि चेहरा अचानक, एका दिवसात वाकडा झाला, तर ते वेगळं दुखणं. तेव्हा त्याच क्षणी दवाखाना गाठा, १०८ ला फोन करा.