मोरस साखरेच्या बेटावर एक दिवस

हल्लीच्या मुलांना ‘मोरस’ हा शब्द ठाऊक नसेल. जुनी माणसे पांढऱ्या दाणेदार साखरेला मोरस म्हणत. घरात गूळ रोजचा. मोरस मात्र पाहुणा आला किंवा कोणी आजारी पडले तरच डब्यातून निघायची. ही साखर मॉरिशस बेटावरून जहाजाने मुंबईला यायची, आणि बेटाचे नावच साखरेला चिकटले. आमच्या घरी तीन पिढ्या ऊस आहे. पण हा उलगडा मला त्या बेटावर जाऊन आल्यावर झाला.

आम्ही कराडकडची शेतकरी माणसे. विमानात बसू असे कधी मनात आले नव्हते. मुलगा पुण्याला नोकरीला लागला. गेल्या ऑक्टोबरात त्याने हौसेने आम्हा दोघांना आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मॉरिशसला नेले. आम्ही नको नको म्हणत होतो. आत्याबाई मात्र लगेच तयार झाल्या. त्यांचे माहेर संगमेश्वर तालुक्यातले. त्यांच्या पणजोबांचा थोरला भाऊ तरुणपणी मुंबईला म्हणून गेला आणि तिथून ‘मोरसच्या बेटाला’ गेला, एवढीच गोष्ट त्यांच्या घरात चालत आलेली. त्याचे पत्र आले नाही, माणूसही परत आले नाही. आत्याबाईंच्या आजीने मरेपर्यंत पितृपंधरवड्यात त्याच्या नावाचा घास बाजूला काढला.

निघताना आत्याबाईंनी माहेरच्या शेतातली मूठभर माती फडक्यात बांधून घेतली होती. मुलाने ती घरीच ठेवायला लावली. मातीतून, बियाण्यातून, रोपातून पिकाचे रोग एका देशातून दुसऱ्या देशात जातात, म्हणून असे काही बरोबर नेता येत नाही. आत्याबाई नाराज झाल्या; पण उसाला काणी लागली की काय होते ते त्यांनी पाहिले आहे. गाठोडे त्यांनी तुळशीत रिकामे केले.

गाडी आपली, वाटही आपली

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे. आपल्या सातारा जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही लहान. लांबी पासष्ट किलोमीटरच्या आसपास, रुंदी पंचेचाळीस. त्यामुळे एक गाडी ठरवून दिवसभरात पुष्कळ पाहता येते. मोठ्या बसमधून तीसजणांबरोबर जाण्यापेक्षा हे थोडे महाग पडते; पण म्हातारे माणूस बरोबर असेल तर तेच बरे. पाय दुखले तर थांबा, भूक लागली तर खा.

आमचा मुक्काम पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाक गावात होता. गाडीवाल्याने दिलेल्या यादीत पाहण्याच्या ठिकाणांबरोबर दोन मोठी दुकानेही होती. आमचे हे म्हणाले, “दुकाने कराडातही आहेत. ती काढा आणि त्या वेळात आप्रवासी घाट दाखवा.” गाडीवाला हसला. त्याचे पूर्वज बिहारकडचे. घरात तो क्रेओल आणि भोजपुरी बोलतो, आमच्याशी हिंदी बोलला. म्हणाला, “बहुतेक लोक घाट सोडून दुकानाला जातात. तुम्ही उलटे निघालात!”

दगडी पायऱ्या

सकाळी नऊला आम्ही राजधानी पोर्ट लुईला पोचलो. बंदराजवळ, मोठ्या रस्त्याच्या कडेला, काही जुन्या दगडी भिंती आणि थोड्याशा पायऱ्या. हाच आप्रवासी घाट. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. पाहायला गेले तर फारसे काही नाही. समजून घ्यायला गेले तर पाय निघत नाही.

मॉरिशसमध्ये ऊस प्रथम डचांनी १६३९ साली जावाहून आणला. पुढे फ्रेंचांनी व इंग्रजांनी तो वाढवला, तो गुलामांच्या घामावर. १८३५ साली गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ते हिंदुस्थानातून आणायचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर उतरले. मग १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे आली. कोणी बिहारचे, कोणी तमिळ, तेलुगू मुलखातले. आणि मुंबई बंदरातून गेलेले आपले रत्नागिरी-सातारकडचेही. सहसा पाच वर्षांचा करार. ‘अ‍ॅग्रीमेंट’चे झाले ‘गिरमिट’, आणि माणसे झाली गिरमिटिया. तिथे दगड उलटला की खाली सोने सापडते, अशी भूल घातली गेल्याची गोष्ट आजही तिथे सांगतात.

जहाजातून उतरलेला मजूर या पायऱ्या चढून आत यायचा. त्याची नोंद व्हायची, त्याला नंबर मिळायचा आणि मग मळ्यावर रवानगी. आत्याबाईंनी चपला काढल्या आणि त्या पायऱ्यांपाशी उभ्या राहिल्या. मग मला हळूच म्हणाल्या, “विचार गं, त्याचं नाव लिहिलेलं असंल का?”

मी गाडीवाल्याला विचारले. तो म्हणाला, नोंदींची जुनी बुके इथे नाहीत, मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. नाव, गाव, वय, जात, जहाज, बापाचे नाव, पुष्कळदा फोटोसुद्धा. त्याने स्वतः आपल्या पणजोबांचा कागद तिथून काढला होता. “आमच्या घरात लहान मुलालाही तो नंबर पाठ आहे,” तो म्हणाला. “तुमच्या माणसाचे नाव काय?”

आत्याबाई गप्प झाल्या. नाव त्यांना माहीत नव्हते. घरात सगळे ‘मोरसवाला’च म्हणत. साल माहीत नाही, जहाज माहीत नाही. गाव तेवढे ठाऊक. पाच लाखांत नुसत्या गावावरून माणूस कसा शोधणार?

आम्ही गाडीत बसलो तेव्हा कोणी काही बोलले नाही.

डाळपुरी आणि डोंगरवाट

गाडीवाल्याने आम्हाला रस्त्याकडेच्या एका गाड्यावर नेले. तिथली डाळपुरी प्रसिद्ध. चण्याची डाळ शिजवून, वाटून पोळीत भरतात. आपली पुरणपोळीच म्हणा, पण गूळ नाही; हळद-जिऱ्याची तिखटमिठाची चव. आत पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून गुंडाळून देतात. एक मागितली तरी जोडी मिळते. वर ‘आलुदा’ म्हणून थंडगार दूध, त्यात सब्जाचे बी. आत्याबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, “पुरण विसरले नाहीत, गूळ तेवढा विसरले.” गाडीत पुन्हा बोलणे सुरू झाले.

मग चढ लागला. क्युरपीप शहराजवळ त्रु ओ सर्फ नावाचे झोपी गेलेल्या ज्वालामुखीचे तोंड आहे. तीनशे मीटरहून रुंद खोलगट वाटी, आत दाट झाडी. कडेने पक्की वाट, बसायला बाके, आणि चहूबाजूंना बेटाचे डोंगर. अर्धा तास पुरतो.

तिथून गंगा तलाव. हेही ज्वालामुखीच्या तोंडात साठलेले पाणी. १८९७ साली उत्तरेकडच्या त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात हे तळे दिसले आणि पुढल्या वर्षी लोक चालत आले, अशी कथा आहे. १९७२ साली त्यात गंगेचे पाणी ओतले. महाशिवरात्रीला सगळ्या बेटावरून लोक कावडी घेऊन पायी येतात. आपली वारी पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तळ्याच्या वाटेवर महादेवाची ३३ मीटर उंचीची मूर्ती आहे, जवळच तेवढीच उंच देवी. माकडे फार, हातातले केळे सांभाळावे. आत्याबाईंनी ओंजळभर पाणी सोडले. नाव घ्यायच्या वेळी मात्र अडल्या. शेवटी म्हणाल्या, “ज्याचं त्याला पोचू दे.”

ही तर आपली जांभ्याची माती

पुढे ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे राखीव जंगल. दरीच्या कडेवरून लांबवर धबधबे आणि समुद्र दिसतो. पाऊस केव्हाही येतो, छत्री जवळ असू द्यावी. तिथून वळणावळणाने शामारेलला उतरलो. इथला उंच धबधबा लांबूनच पाहायचा, आणि मग सात रंगांची जमीन.

मला वाटले होते, चित्रात रंग भडक दाखवत असतील. तसे नाही. झाडाझुडपांच्या मध्ये उघड्या मातीचे उंचवटे: तांबडी, विटकरी, तपकिरी, जांभळी, पिवळी. कुंपणाबाहेरूनच पाहायचे, पाय ठेवायचा नाही. मुळात तो काळा पाषाणच, आपल्या सह्याद्रीसारखा लाव्हारसाचा. लाखो वर्षे ऊन-पावसात तो कुजला, विरघळणारे भाग पाण्याबरोबर गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यांच्या कमीजास्त प्रमाणाने रंग आले. आमचे हे लगेच म्हणाले, “दिसायला छान, पण पिकणार काय इथे?” खरेच, त्या उंचवट्यांवर गवताची काडी नाही. कोकणातला जांभा दगडही असाच, पावसाने धुऊन निघालेल्या काळ्या पाषाणातून होतो. आत्याबाई कठड्याला रेलून पाहत राहिल्या. “रंग आमच्या माहेरच्या कातळावानी हाय. त्याला परकं वाटलं नसंल,” त्या म्हणाल्या.

बाजूच्या आवारात प्रचंड मोठी कासवे आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी तिथे जास्त वेळ धरावा.

उतरताना नैऋत्य टोकावरचा ल मोर्न डोंगर दिसला. समुद्रात शिरलेला, सरळ कड्याचा, ५५६ मीटर उंच. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरात लपत. गुलामगिरी संपल्याचे सांगायला शिपाई आले, ते धरायलाच आले असे समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कहाणी तिथले लोक सांगतात. २००८ साली यालाही जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. खाली पांढरी वाळू आणि हिरवेनिळे पाणी. लोक डुंबत होते. आम्ही पाय भिजवून परतलो.

उसाच्या फडाकडेला

परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस. आमच्या ह्यांनी गाडी थांबवायला सांगितली. यादीत हे ठिकाण नव्हते! तोडणी चालू होती. आपल्याकडे ऑक्टोबरात कारखाने पेटायच्या तयारीत असतात. तिथे गळीत जूनमध्ये सुरू होऊन डिसेंबरपर्यंत चालते, कारण विषुववृत्ताच्या पलीकडे ऋतू उलटे. गाडीवाल्याने सांगितले की एका लावणीवर सहा-सात खोडवे घेतात. वादळे नेहमीची, इतर पिके झोपतात, ऊस पुन्हा उभा राहतो, म्हणून तो टिकला. एके काळी अडीचशेवर कारखाने होते, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. युरोपात ठरलेला चांगला भाव मिळायचा, ती सवलत २००९ साली संपली. लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, जमिनी पडीक राहिल्या. उरलेले कारखाने चिपाडावर वीज करतात आणि तपकिरी रंगाच्या खास साखरा विकतात. साऱ्या देशाने एकाच पिकावर बसू नये, हे ते शिकले. कपड्यांचे कारखाने आणि पर्यटन वाढवले. आपणही यातून काही घ्यावे.

फडात मधेमधे काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग होते, काही घरापेक्षा उंच. ही जमीन मुळात धोंड्यांची. ऊस लावण्यासाठी तो एकेक धोंडा हाताने वेचून बाजूला रचला गेला, आधी गुलामांकडून, मग गिरमिटियांकडून. सोने सापडते म्हणून ज्यांना आणले, त्यांनी उलटलेले दगड ते हेच.

आत्याबाई बांधावरून त्या ढिगापाशी गेल्या. तिन्हीसांजेचे ऊन पडले होते. त्यांनी दगडावर हात ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात, आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. आम्ही कोणी बोलावले नाही. गाडीवालाही घड्याळ न पाहता उभा राहिला.

त्याच्या गल्लीत मराठी घरे आहेत, असे तो परत जाताना म्हणाला. तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. गणपतीत मराठी मंडळी ‘झाकरी’ नाचतात. कोकणातली जाखडीच ती! शाळांतून मराठी शिकवतात. २०२३ साली तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला आहे. “त्याची पोरंबाळं इथंच कुठं नाचत असतील,” आत्याबाई म्हणाल्या. त्या दिवसात त्या पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

गाडीचे भाडे आणि कोणकोणती ठिकाणे घ्यायची हे आदल्या दिवशीच लिहून ठरवावे. दुकाने नको असतील तर स्पष्ट सांगावे. सकाळी आठच्या आत निघावे. आप्रवासी घाटासाठी सुटीचा दिवस टाळावा. डोंगरावर गारठा आणि पाऊस, किनाऱ्यावर ऊन. दोन्हीची तयारी ठेवावी. बी-बियाणे, रोपे, माती नेऊ नये आणि आणूही नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे: तुमच्या घरातून कोणी ‘मोरसला’, ‘आगबोटीने’ किंवा ‘परमुलखात’ गेल्याची गोष्ट असेल, तर आज रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशी बसा. नाव, बापाचे नाव, गाव, अंदाजे साल, जे आठवेल ते वहीत लिहा. कागद तिथे अजून आहेत. आपल्याकडची आठवण मात्र माणसाबरोबर जाते.

आम्ही येताना वाण्याकडून तपकिरी साखरेची दोन पाकिटे आणली. दिवाळीत आत्याबाई ती घेऊन माहेरी गेल्या आणि भावकीत घरोघर चिमूटचिमूट वाटली. एका घरी नव्वदीच्या चुलतीने साखर जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, “त्याचं नाव धोंडू होतं की गं.”

आता आम्ही मोक्याला पत्र लिहीत आहोत.