डबा केवढा हवा?

हिंग ठेवायला तुम्ही तांदळाचे पिंप घ्याल का? किंवा तांदूळ हिंगाच्या डबीत ओताल का? काय ठेवायचे हे कळले, की डबा केवढा हवा हे आपोआप ठरते. संगणकालाही अशीच निवड करावी लागते.

संगणकाच्या स्मृतीत फक्त ० आणि १ असतात. अशी एक जागा म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट. आता ०१०००००१ या बाइटचा अर्थ काय? संख्या मानली तर ६५, अक्षर मानले तर इंग्रजीतील मोठा 'ए'! नुसते बिट पाहून हे कळत नाही. म्हणून प्रोग्रॅम लिहिणारा प्रत्येक राशीचा 'प्रकार' सांगतो. प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्यावरून जागा ठरवतो.

निकलाउस विर्थ यांनी १९७० च्या सुमारास रचलेल्या पास्कल भाषेत राशीची मर्यादाही सांगता येते. 'गुण ० ते १००' असे सांगितले, की एक बाइट पुरे हे कंपायलरला कळते. कारण एका बाइटात ० ते २५५ या संख्या मावतात.

पण डबा लहान पडला तर? ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियन-५ हा नवा अग्निबाण प्रथमच झेपावला. त्याच्या दिशादर्शक संगणकातील प्रोग्रॅम जुन्या एरियन-४ चाच होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांच्या जागेतून १६ बिटांच्या जागेत नेली जाई. तेथे ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नव्हती. एरियन-४ ला तेवढी जागा पुरत असे. एरियन-५ चा आडवा वेग अधिक होता.

प्रोग्रॅम ॲडा भाषेत होता. ही भाषा प्रकारांबाबत काटेकोर. त्यामुळे संख्या मावत नाही, हे यंत्राने ओळखले. पण मग काय करायचे, याची तरतूद त्या ठिकाणी केलेली नव्हती. यंत्रावरील भार कमी राखायचा होता ना! संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तोच प्रोग्रॅम, म्हणून तोही बंद! उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण भरकटून नष्ट झाला. त्यात माणसे नव्हती. चार उपग्रह मात्र गेले.

कंपायलर जागा नेमकी निवडतो, पण मर्यादा सांगायची माणसानेच. राशी बदलली, तर डबाही पुन्हा मोजावा लागतो.

आता सांगा, महिन्याची तारीख ठेवायला कमीत कमी किती बिट लागतील? कागद-पेन्सिल घ्या आणि करून पाहा!