क्यूची पारख

श्रोतेहो, वरूडहून एक गृहस्थ लिहितात, "मृग बहार हातचा गेला, तरी मुलाला स्नूकरचा क्यू द्यावयाचा आहे, कसा पारखावा?" प्रश्न पैशांच्या ओढीचा आहे. १९५८ सालीं कलकत्त्यास बिलियर्ड्सचें जागतिक अजिंक्यपद मिळविणारे विल्सन जोन्स पुण्याचेच. तेव्हां हा शौक परका म्हणतां येत नाहीं.

क्यू प्रथम टेबलावर लोळवून पाहावा. तो डगमगत लोळला, तर लाकडांत बांक आहे असें समजावें आणि मुठीवरची नक्षी कितीही सुरेख असली तरी तो परत करावा. टोंकाची चामड्याची टिप झिजल्यास थोडक्यांत बदलतां येते; वांकलेल्या लाकडास सहसा इलाज नाहीं. दुसरें पाहावयाचें तें टिपेची जाडी. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटरांचा, म्हणून टिप साडेनऊच्या आसपास हवी. पूलचा चेंडू मोठा, त्याच्या क्यूची टिप तेराच्या सुमाराची. तसल्या जाड टिपेनें लहान चेंडूचा नेमका बिंदु साधत नाहीं. लाकूड ॲशचें कीं मेपलचें, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. नक्षीचे पैसे मात्र खुशाल वांचवावेत.

आणि वऱ्हाडचा उन्हाळा विसरूं नये! क्यू भिंतीस तिरपा टेकवून न ठेवतां पेटींत आडवा ठेवावा.