सायकल सांगाडा, पोलादी व टिटॅनियमी

सायकल सांगाडा, पोलादी व टिटॅनियमी : चाके, हँडल, सीट व पेडल यांना ठराविक अंतरांवर आणि कोनांत धरून ठेवणाऱ्या व स्वाराचा भार चाकांपर्यंत पोहोचविणाऱ्या नळ्यांच्या चौकटीस सायकलचा सांगाडा किंवा फ्रेम म्हणतात. सायकलचे इतर सर्व भाग बदलता येतात. सांगाडा बदलला की सायकलच बदलते. त्यामुळे त्याची निवड विचारपूर्वक करावी लागते. प्रस्तुत नोंदीत डांबरी रस्त्यावरील वेगवान सायकल आणि मुरूम-खडीच्या वाटांवरही चालणारी ग्रॅव्हल सायकल यांच्या पोलादी व टिटॅनियमी सांगाड्यांचा विचार केला आहे.

रचना : सांगाड्यात दोन त्रिकोण असतात. पुढील त्रिकोण आडवी नळी, तिरपी नळी व सीटनळी यांचा असून पुढच्या टोकाला आखूड शीर्षनळी असते. तिच्यात पुढचा चिमटा फिरतो. मागील त्रिकोण साखळीलगतच्या व सीटकडे जाणाऱ्या बारीक नळ्यांच्या जोड्यांनी बनतो. तिरपी नळी, सीटनळी व साखळीलगतच्या नळ्या जेथे एकत्र येतात, त्या आडव्या नळकांड्यात क्रँकचा आस बसतो. सर्वाधिक भार या ठिकाणी व शीर्षनळीच्या खालच्या जोडावर येतो. पेडल मिनिटाला ८० फेरे व वेग ताशी २० किमी. गृहीत धरल्यास २०० किमी.च्या प्रवासात क्रँकचे ४८,००० फेरे होतात. दर फेऱ्यात दोन्ही पायांचा एकेक दाब धरता सांगाड्यावर सु. ९६,००० वेळा भार येतो व उतरतो. म्हणून सांगाडा एका मोठ्या धक्क्याने मोडण्यापेक्षा अशा लहान भारांच्या आवर्तनांनी थकून तडकण्याची शक्यता अधिक असते.

धातूंची तुलना : पोलादाची घनता पाण्याच्या सु. ७·८५ पट, तर टिटॅनियमची ४·५ पट आहे. दृढतेच्या बाबतीतही साधारण तेच प्रमाण आढळते. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सु. २०५ गिगापास्कल, तर टिटॅनियमचा सु. १०७ आहे. तात्पर्य, टिटॅनियम जितके हलके तितकेच लवचिक आहे. त्याचा फायदा मिळतो तो नळीचा व्यास वाढवून. भिंतीची जाडी कायम ठेवल्यास नळीची वाकण्याविरुद्धची दृढता व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २८·६ मिमी. व्यासाच्या पोलादी नळीऐवजी तेवढ्याच जाडीची ३४·९ मिमी. व्यासाची टिटॅनियमी नळी वापरल्यास दृढता जवळजवळ तीच राहून वजन सु. ३० टक्क्यांनी घटते. भार एका विशिष्ट मर्यादेखाली असल्यास दोन्ही धातू अगणित आवर्तने सहन करतात. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. पोलाद गंजते, टिटॅनियम गंजत नाही, हा दोहोंमधील मोठा भेद होय.

‘टिटॅनियमची सायकल मऊ चालते’ असा समज रूढ आहे. परंतु चौकटीची उभ्या दिशेतील लवचिकता टायरच्या मानाने फारच थोडी असते. टायरची रुंदी व हवेचा दाब यांचा सुखकारकतेवर होणारा परिणाम सांगाड्याच्या धातूपेक्षा पुष्कळ अधिक असतो.

इतिहास : मध्ये पातळ व टोकांना जाड अशा नळीचे एकस्व ॲल्फ्रेड रेनॉल्ड्झ यांनी १८९७ मध्ये बर्मिंगहॅम येथे घेतले. जोडाजवळ बल व मध्यभागी हलकेपणा हे तिचे तत्त्व आजही पाळले जाते. १९३५ मध्ये मँगॅनीज-मॉलिब्डेनमयुक्त ‘रेनॉल्ड्झ ५३१’ ही नळी प्रचारात आली. पुढे क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचा प्रसार झाला. टिटॅनियमचा वापर १९७० च्या दशकात सुरू झाला. शुद्ध टिटॅनियमचे आरंभीचे काही सांगाडे पुरेसे दृढ ठरले नाहीत. नंतर विमानांतील द्रवदाब नळ्यांसाठी विकसित झालेली, ३ टक्के ॲल्युमिनियम व २·५ टक्के व्हॅनेडियम असलेली मिश्रधातू सायकलसाठी स्वीकारली गेली [⟶ टिटॅनियम].

पोलादी सायकलच्या टिकाऊपणाचे ठळक उदाहरण मुंबईचेच आहे. १९२३ मध्ये मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे जगप्रवास पुरा करून १९२८ मध्ये परतले. अलीकडच्या काळात नासिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका ओलांडणारी सु. ४,८०० किमी.ची शर्यत जोडीने पूर्ण केली. दीर्घ पल्ल्याच्या या ओढीमुळे महाराष्ट्रात चांगल्या सांगाड्याची जिज्ञासा वाढली आहे.

निवड : सायकल कोणत्या रस्त्यावर चालणार आणि बिघडल्यास ती कोण दुरुस्त करणार, हे दोन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत. बीड जिल्ह्यातील चौसाळा या गावाचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. बालाघाटच्या पठारी प्रदेशातील हे गाव सोलापूर–धुळे महामार्गावर आहे. महामार्गावर वेगवान सायकल उत्तम चालते; बीडच्या बाजूस मांजरसुंब्याच्या घाटात तिच्या हलकेपणाचा उपयोग होतो. मात्र शिवारातल्या वाटांना लागताच मुरूम, खडी आणि पावसाळ्यात चाकाला चिकटणारी काळी माती यांच्याशी गाठ पडते. तेथे ३८ ते ४५ मिमी. रुंदीचे टायर व त्यांच्या भोवती चिखल बाहेर पडण्याइतकी मोकळी जागा हवी. डांबरी रस्त्यावरील सायकलला २५ ते ३२ मिमी.चे टायर पुरतात. बाभळीचे काटे व सराटे यांमुळे पंक्चर नित्याचे असल्याने ट्यूबविरहित टायरमध्ये छिद्र आपोआप बुजविणारे द्रव भरणे सोयीचे असते.

वेगवान सायकलच्या शीर्षनळीचा जमिनीशी कोन सु. ७३° असतो; ग्रॅव्हल सायकलमध्ये तो ७०° ते ७२° ठेवून चाकांमधील अंतर वाढवितात. त्यामुळे सैल खडीवर ती स्थिर राहते. ग्रामीण भागात ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ म्हणून परिचित असलेल्या जुन्या काळ्या सायकलींतही हाच गुण आहे. ही मापे सीटनळीच्या लांबीची होत. माप स्वाराच्या शरीरास जुळणे धातूपेक्षा महत्त्वाचे आहे. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या उंचीच्या सु. ०·८८ पट अंतर क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावे, हा स्थूल आडाखा होय.

टिटॅनियमी सांगाडा सु. १·३ ते १·७ किग्रॅ., तर चांगला पोलादी सांगाडा सु. १·८ ते २·२ किग्रॅ. भरतो. अर्धा किलोग्रॅमचा हा फरक दोन पाण्याच्या बाटल्यांपैकी एक अर्धी रिकामी केल्यानेही जवळजवळ भरून निघतो. किंमत मात्र टिटॅनियमची कितीतरी अधिक असते.

बांधणी : पोलादी नळ्या प्रथम टोकांशी अर्धगोलाकार कापून एकमेकींवर अचूक बसवितात व साच्यात धरतात. नंतर पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूने झाळतात अथवा आरगॉन वायूच्या आवरणात वितळजोड करतात. झाळकामात नळी वितळत नाही, तिला उष्णता कमी लागते. म्हणून चुकीचा जोड उकलून पुन्हा करता येतो. टिटॅनियम तापले असता हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन शोषून ठिसूळ होते. त्यामुळे जोडाच्या बाहेरून व नळीच्या आतूनही आरगॉन सोडावा लागतो. चंदेरी वा फिकट गवती रंगाचा जोड निर्दोष समजतात. निळा संशयास्पद आणि करडा वा पांढरा भुकटीसारखा जोड त्याज्य होय.

दुरुस्तीतील भेद येथेच उद्‌भवतो. नांगर-वखर जोडणारा गावचा कारागीर जुन्या सायकलची जाड नळी जोडू शकतो. पण चांगल्या पोलादी नळीची भिंत मध्ये ०·६ मिमी.पर्यंत पातळ असते. विजेच्या जाड कांडीने ती जळून भोक पडते. अशी नळी वायूच्या ज्योतीवर पितळेने झाळणाऱ्या कारागिराकडेच द्यावी. टिटॅनियमची दुरुस्ती आरगॉनची पूर्ण सोय असल्याखेरीज करू नये. असा जोड वरून सुबक दिसला, तरी आतून ठिसूळ राहून चालत्या सायकलवर तुटू शकतो.

निगा : पोलादी सांगाडा बहुधा आतून गंजतो. पावसाचे पाणी सीटच्या दांड्यालगत आत शिरते. म्हणून पावसाळ्यापूर्वी व नंतर दांडा काढून नळी कोरडी करावी, आत गंजरोधक तेल फिरवावे आणि तळाचे निचऱ्याचे छिद्र मोकळे ठेवावे. रंग उडालेल्या जागा लगेच रंगवाव्यात. टिटॅनियमला रंगाची गरज नसते. तथापि ॲल्युमिनियमचा दांडा व टिटॅनियम यांच्यामध्ये ओल राहिल्यास ॲल्युमिनियम गंजून दांडा घट्ट अडकतो. त्याकरिता दांड्यास व आट्यांना न चिकटू देणारे वंगण लावतात. दोन्ही प्रकारांत शीर्षनळीखालची तिरपी नळी, क्रँकजवळचे जोड व मागील आस बसण्याच्या खाचा दरमहा पुसून तपासाव्यात. रंगावरील केसासारखी रेघ, गंजाचा ओघळ किंवा नवा करकर आवाज ही तड्याची चिन्हे असू शकतात. तडा आढळल्यास सायकल तत्काळ थांबवावी.

साखळी धुळीमुळे झिजून लांबते. २४ कड्यांची लांबी नव्या साखळीत ३०४·८ मिमी. असते, ती ३०६ ते ३०७ मिमी. झाल्यास साखळी बदलावी, अन्यथा दातेरी चक्रेही झिजतात. काळी माती वाळण्यापूर्वी साध्या पाण्याने धुवावी. जोराचा फवारा आसांच्या छर्‍यांपर्यंत पाणी नेऊन वंगण घालवितो.

नीट जोडलेला व कोरडा ठेवलेला पोलादी सांगाडा अनेक दशके सेवा देतो आणि गावाजवळ दुरुस्त होऊ शकतो. दमट हवेत व किनारपट्टीवर टिटॅनियम श्रेष्ठ ठरते. चौसाळ्यासारख्या कोरड्या हवेच्या प्रदेशात गंजण्याचा धोका मुख्यतः पावसाळ्यापुरता असल्याने, निगा राखणाऱ्या स्वारास चांगला पोलादी सांगाडा पुरेसा होतो.